भीतीचा रकाना

यादी क्लार्कबाईंनीच केली होती, आणि ती नीट झाली याचं त्यांना समाधान होतं.

शाळेच्या कचेरीत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. दाखले, हजेरीपट, शिक्के, वरून आलेली पत्रं आणि त्यांना गेलेली उत्तरं, सगळं त्यांच्या टेबलावरून जाई. मुख्याध्यापक चार बदलले, क्लार्कबाई होत्या तिथेच. त्यामुळे ‘ओळख सप्ताहा’चं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि क्लार्कबाईंपुढे आणून ठेवलं.

“तुम्हीच बघा. तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही.”

कल्पना चांगली होती. नदीच्या अलीकडचा जिल्हा आणि पलीकडचा, दोघांचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. मधल्या बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे यावरून दर उन्हाळ्यात तोंडातोंडी व्हायची, कधी प्रकरण हातघाईवर यायचं. मोठी माणसं काही सुधारत नाहीत, निदान पोरांना तरी एकमेकांची ओळख होऊ दे, असं शिक्षण खात्यात कुणाच्या तरी मनात आलं. पलीकडची अठरा मुलं आठवडाभर इकडे राहणार, इकडची अठरा तिकडे. ज्यांच्या घरी आपलं मूल, त्यांचं मूल आपल्या घरी.

क्लार्कबाईंची तेरा वर्षांची लेक बिट्टी पहिल्याच दिवशी नाव देऊन आली. आईला विचारायचं तिला नंतर सुचलं.

खात्याच्या नमुन्यात सहा रकाने होते. नाव, वय, उतरण्याचं घर, पत्ता, खाणंपिणं, औषधं. सातवा रकाना क्लार्कबाईंनी स्वतःच्या मनाने घातला. ‘कशाची भीती वाटते.’ बिट्टीला झोपताना दार किलकिलं लागतं, बंद दाराआड ती घाबरते, हे परक्या घरात कोण सांगणार? तसंच दुसऱ्या आयांचंही असेल. मुलांनी मोकळेपणाने लिहिलं. कुत्रा. अंधार. लिफ्ट. एकाने लिहिलं होतं, मोठ्याने बोलणारी माणसं. बिट्टीच्या जोडीला आलेल्या मुलीने लिहिलं होतं, रिकामं घर.

ही मुलगी सोमवारी आली. उंच, सडपातळ, बोलताना वाक्याचं शेपूट ओढणारी. घरात तिचं नाव ‘पाहुणी’च पडलं. ते ठेवलं क्लार्कबाईंच्या दिराने. तो वरच्या मजल्यावर राहायचा, धंद्याने वेल्डर. लग्न केलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हापासून भावजयीच्या घरचा फ्यूज, गळका नळ, बिट्टीला शाळेत सोडणं हे सगळं तो न सांगता करत आला होता. बिट्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण. सोमवारी ती पलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसताना तो तिला सूचना देत राहिला आणि बस हलल्यावर तोंड फिरवून उगाच स्कूटरचं चाक बघत बसला.

त्याच दिवशी त्याने यादी मागितली.

“आमच्या व्यायामशाळेतली पोरं प्रत्येक घरी जाऊन पाहुण्यांना टोपी देणार आहेत वहिनी. स्वागत म्हणून. तुमच्याकडे पत्ते असतील ना?”

क्लार्कबाईंनी झेरॉक्स काढून दिली. सातही रकान्यांसकट.

टोप्या खरंच मिळाल्या. पिवळ्याजर्द. मंगळवारी रस्त्यात कुठेही पिवळी टोपी दिसली की लोक हसून म्हणत, पलीकडचं पोर चाललंय. पाहुणी टोपी घालूनच जेवायला बसली. रोज दुपारच्या सुट्टीत क्लार्कबाई मुद्दाम घरी येत, ती शाळेतून लवकर सुटली तर घर रिकामं सापडू नये म्हणून. तिच्या ते लक्षात आलं होतं. “काकू, तुम्ही माझा रकाना वाचलात नाऽऽ,” ती म्हणाली आणि लाजून हसली.

फोनवर बिट्टीचंही बरं चाललं होतं. “आई, इकडे सगळे इतकं हळू बोलतात! मी भाजी छान झाली म्हटलं तर शेजारीण काय भांडण झालं ते बघायला आली.”

बुधवारी सकाळी बंधाऱ्यावर बाचाबाची झाली. कोणी कोणाला ढकललं हे ज्याचं त्याने आपापल्या परीने सांगितलं. झालं एवढंच, की व्यायामशाळेत येणारा चोवीस वर्षांचा एक मुलगा पाण्यात पडला आणि दुपारी दोन मैल खाली गाळात सापडला.

बातमी आली तेव्हा क्लार्कबाई कचेरीत होत्या. त्यांनी पहिला फोन बिट्टीला लावला.

“आई, इथल्या काकू म्हणतात मी बाहेर फार बोलायचं नाही,” बिट्टी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “बोलले की कळतं म्हणे. आई, काय कळतं?”

“काकू सांगतील तसं वाग. मी—”

तेवढ्यात फोन तुटला. नंतर कुणाचाच लागेना. दोन्ही जिल्ह्यांतले फोन बंद केलेत, अफवा नकोत म्हणून, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. नळाला त्या दिवशी पाणी आलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना त्यांना बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यापाशी निळा झगमगाट दिसला. दीर शिडीवर चढून वेल्डिंग करत होता. खाली व्यायामशाळेतली दोघंतिघं उभी होती. कारखाना सात वर्षं बंद होता. त्याच्या खिडक्यांना दीर लोखंडी पट्ट्या मारत होता.

“भाऊजी, आज कसलं काम?”

त्याने तोंडावरची काळी काच वर केली. डोळे सुजलेले होते. गेलेला मुलगा त्याच्या हाताखाली वर्षभर काम शिकला होता.

“मालकाचं आहे. पुढे व्हा वहिनी, ठिणग्या उडतात.”

पट्ट्या बाहेरून लागत होत्या. चोरासाठी असत्या तरी बाहेरूनच लागल्या असत्या, असं मनाशी म्हणत क्लार्कबाई घरी आल्या. पण पाहुणीला त्यांनी सांगितलं, टोपी आता पिशवीत ठेव.

गुरुवारी बाजार उघडला नाही. सकाळपासून एकेक यजमान कचेरीत येऊ लागला. कुणाच्या सासूला अचानक बरं नव्हतं. कुणाकडे रंगकाम निघालं होतं. शिंपीकाका मात्र स्पष्ट बोलले. “बाई, पोर गुणी आहे हो. पण माझं दुकान रस्त्यावर आहे.” क्लार्कबाईंनी सगळ्यांची समजूत घातली, शनिवारी मुलं जाणारच आहेत, दोन दिवसांचा प्रश्न.

दुपारी दीर आला. बरोबर व्यायामशाळेचा उस्ताद होता. क्लार्कबाईंना तो नुसता तोंडओळखीचा. रुंद खांद्यांचा, आवाज अगदी मऊ.

“बसा,” क्लार्कबाई म्हणाल्या.

उस्ताद बसला नाही. त्याने खिशातून घडी काढून टेबलावर उलगडली. त्यांचीच यादी होती. प्रत्येक नावापुढे लाल पेनाची खूण होती. आणि सातव्या रकान्याच्या कडेने, वरपासून खालपर्यंत, पट्टी लावून ओढलेली सरळ रेघ.

“फार उपयोगी काम केलंत ताई,” उस्ताद म्हणाला. “आता ही मुलं विखुरलेली बरी नाहीत. उद्या संध्याकाळी सगळ्यांना एका जागी आणू. बर्फाच्या कारखान्यात सोय केली आहे. गाद्या आहेत, पंखे आहेत.”

“कशासाठी?”

“सुरक्षित राहतील.”

“कुणापासून?”

उस्ताद हसला. उत्तर दिराने दिलं.

“वहिनी, आपली अठरा पोरं तिकडे आहेत. ती आली की यांना सोडायचं. तोवर काही करायचं नाही त्यांना. नुसती ठेवायची.”

“हे ठरवलं कुणी?”

“सगळ्यांनी.”

“मला कुणी विचारलं नाही. माझीही लेक तिकडे आहे.”

“म्हणूनच तर!” दीर टेबलावर वाकला. “तुमच्यासाठीच करतोय ना मी हे!”

उस्तादाने यादीची घडी घातली, बोटाने दाबून तिची कड नीट केली. “मुलांना उद्या संध्याकाळपर्यंत काही बोलू नका. उगीच घाबरतील.” तो दारात थांबला. “कोण कशाला घाबरतं ते माहीत असलेलं बरं असतं. सांभाळायला सोपं जातं.”

ते गेल्यावर क्लार्कबाईंनी कचेरीचं दार लावून घेतलं. ‘नुसती ठेवायची’ हे शब्द त्यांनी दोन-तीनदा मनात उलटेपालटे केले. दीर खोटं बोलत नव्हता. त्याला तेवढंच करायचं होतं. पण पलीकडची मुलं कारखान्यात कोंडली ही बातमी नदीपलीकडे पोचणार. फोन बंद असले म्हणून बातम्या थोड्याच थांबतात. मग तिकडेही कुणीतरी म्हणणार, नुसती ठेवायची. मग एक दिवस पाणी येणार नाही, किंवा आणखी कुणी बंधाऱ्यावर पडेल, आणि कुठल्यातरी एका कुलपाच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ‘नुसती’ हा शब्द पुरेनासा होईल.

त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. सर खिडकीशी उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

“मी वर कळवलंय,” ते वळून न बघता म्हणाले. “उत्तर आल्याशिवाय मी काय करणार?”

“फोन बंद आहेत. कळवलं कसं?”

“पत्र पाठवलंय.”

“सर, मुलं आपल्या भरवशावर आली आहेत.”

“आपलीही त्यांच्या भरवशावर गेली आहेत बाई.” आता ते वळले. चेहरा पांढरा पडला होता. “उद्या यांना काही झालं नाही आणि त्यांना झालं, तर लोक मला जिवंत सोडतील का? मला काही विचारू नका. मला काही सांगूही नका.”

त्या शेवटच्या वाक्यात थोडी वाट होती. क्लार्कबाईंनी ती धरली.

त्यांनी टेबलावरचा छापील कार्यक्रम पाहिला. शुक्रवार, सकाळी आठ. टेकडीवरच्या वनस्पती उद्यानाला भेट, शाळेच्या बसने. सहल रद्द झाल्याचं पत्र निघालं नव्हतं, कारण असली पत्रं काढणाऱ्या त्याच होत्या. उद्यानाकडे जाणारा रस्ता बारा किलोमीटरवर डावीकडे वळतो. सरळ गेलं तर आणखी अर्ध्या तासात पूल.

शाळेची बस चालवणारे आजोबा मैदानात टायर तपासत होते. त्यांचा नातू पलीकडे गेलेल्या अठरांत होता. क्लार्कबाईंनी त्यांना काही न लपवता सांगितलं.

आजोबांनी कापडाने हात पुसले. बोटं एकेक करून पुसली.

“आणि आपली पोरं?”

“माहीत नाही.”

“हातातलं सोडायचं आणि पळत्याच्या पाठी लागायचं. लोक शहाणपण म्हणणार नाहीत याला.”

“नाही म्हणणार.”

“तुमची एकुलती एक आहे.”

“हो.”

आजोबांनी टायरला एक लाथ मारून पाहिली. “धरून ठेवलेल्या पोराच्या बदल्यात धरून ठेवलेलं पोर,” ते शेवटी म्हणाले. “असला सौदा मी जन्मात केला नाही. डिझेल आहे. आठला आणा पोरं.”

शुक्रवारी सकाळी साडेसातला दारावर टकटक झाली. दीर आत आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. क्लार्कबाईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला. पाहुणी वेणी घालत होती. तिची मोठी बॅग पलंगाखालीच होती. हातात फक्त डबा आणि पाण्याची बाटली.

“काकू, स्वेटर घेऊ का? टेकडीवर गार असेल नाऽऽ?”

“घे अंगात.”

“कुठली टेकडी?” दिराने विचारलं.

“छापील सहल आहे, भाऊजी. रद्द केली असती तर अठरा घरांत चर्चा झाली असती. तुमचं काम संध्याकाळी. तीनला परत येतो आम्ही.”

दिराने चहा संपवला. बशीवर कप ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपला. ही त्याची जुनी सवय. “मी येतो बरोबर,” तो म्हणाला.

नाही म्हणायला कारण नव्हतं. एक असतं तरी सुचलं नसतं.

बसमध्ये तो आजोबांच्या मागच्या सीटवर बसला. अठरा मुलं चढली. क्लार्कबाईंनी हजेरी घेतली, सवयीने प्रत्येक नावापुढे टिंब दिलं. शिंपीकाकांनी आपल्याकडच्या पोराला स्वतः आणून सोडलं आणि त्याच्या हातात बिस्किटांचे तीन पुडे कोंबले. सहलीला तीन पुडे कशाला, असं कुणी विचारलं नाही. व्यायामशाळेची दोन पोरं शाळेच्या फाटकाशी मोटरसायकलवर बसली होती. दिराला बसमध्ये पाहून त्यांनी हात केला आणि तिथेच थांबली.

मुलं सुरुवातीला गाणी म्हणत होती. मग एकेक गप्प झालं. मुलांना कळतं. रस्त्यावर वाहनं नव्हती. बारा किलोमीटरला उद्यानाची हिरवी पाटी आली, आणि मागे गेली.

“आजोबा, वळण राहिलं,” दीर म्हणाला.

आजोबांनी गियर बदलला.

“आजोबा!”

“भाऊजी,” क्लार्कबाई त्याच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, “आपण पुलावर चाललोय.”

त्याला समजायला क्षणभर लागला. मग तो उठला, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताच्या वजनानेच बस रस्त्याच्या कडेला थांबली. इंजिन बंद झाल्यावर फार शांत वाटलं.

“वेड लागलंय का तुला?” त्याने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं. “बिट्टी तिकडे आहे! तुझी स्वतःची पोर! ही सोडून दिलीस तर आपल्या हातात उरलं काय?”

“काही नाही.”

“मग?”

“तिकडेही कुणाच्या तरी खिशात यादी असेल, भाऊजी. त्यांच्याकडे व्यायामशाळा नसेल, दुसरं काही असेल. तो माणूसही हेच म्हणत असेल. आधी त्यांनी सोडावं. कुणीच आधी सोडलं नाही तर बिट्टी किती दिवस कोंडून राहील?”

“आणि त्यांनी नाहीच सोडलं तर?”

“मला माहीत नाही,” क्लार्कबाई म्हणाल्या. 

दिराने बसभर नजर फिरवली. त्याची नजर पाहुणीवर थांबली. तो दोन पावलांत तिच्यापाशी गेला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

“बाकीची जाऊ देत. ही राहील. बिट्टीच्या बदल्यात ही. माझ्या घरी राहील, कारखान्यात नाही. केसालाही धक्का लागणार नाही. पण ही राहील.”

“सोडा तिला.”

“नाही.”

पाहुणी उभी राहिली होती. तिने हात ओढून घेतला नाही. “काका, मी थांबले तर बिट्टी येईल काऽ?”

दिराने मनगट आणखी घट्ट धरलं.

“येईल का? नक्की? मग मी थांबते.”

दिराचं तोंड उघडलं. हो म्हणायचं असणार. एवढंसं खोटं, एका अक्षराचं. क्लार्कबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांना वाटलं, हा आता हो म्हणेल आणि सगळं संपेल. आणखी एक गोष्ट त्यांना वाटली, जी त्यांनी पुढे कुणालाही सांगितली नाही. हो म्हणाला तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं.

मागच्या सीटवरचा मुलगा रडायला लागला. मोठ्याने बोलणाऱ्या माणसांना घाबरणारा तो हाच. त्याने दोन्ही कानांवर हात दाबले होते आणि त्याच्या सीटखाली ओल पसरत होती. त्याचं पाहून दुसरी मुलं रडू लागली. दिराने तिकडे पाहिलं. ती भीती कुठल्या ओळीत लिहिलेली आहे हे त्यालाही ठाऊक होतं. सोमवारी ती यादी त्यानेच मागून नेली होती.

त्याने मनगट सोडलं. त्यावर पाच बोटं उमटली होती.

तो खाली उतरला. रस्त्यावर उभा राहून म्हणाला, “बिट्टीला काही झालं तर...” पुढचं त्याला सुचलं नाही, की सुचलं आणि बोलवेना. तो परत गावाच्या दिशेने चालू लागला.

पुलावर पोलीस होते. क्लार्कबाईंनी शिक्का मारलेला कार्यक्रम आणि हजेरी पुढे केली. हवालदाराने कागद उलटसुलट पाहिला. कार्यक्रमात पुलाचा उल्लेख कुठेच नव्हता. पण शिक्का ठळक होता, आणि मुलं त्याच्याकडे बघत होती. “बस जाणार नाही. चालत न्या. अर्ध्यापर्यंत तुम्ही, पुढे ती एकटी.”

अर्ध्या पुलावर त्या थांबल्या. मुलं दोन-दोनच्या रांगेत पुढे गेली. पलीकडच्या टोकाला खाकी कपड्यांतली चार माणसं सोडली तर कुणी नव्हतं. क्लार्कबाईंनी ओरडून विचारलं, “आमची मुलं कुठे आहेत?” एकाने हात हलवला. त्याचा अर्थ नाही, किंवा माहीत नाही, किंवा परत जा.

रिकामी बस घेऊन दोघं फिरले. वाटेत दीर कुठे दिसला नाही.

शाळेच्या फाटकाशी माणसं जमली होती. उस्तादाने बस थांबवली, आत चढून शेवटच्या सीटपर्यंत चालत गेला आणि परत आला. “सतरा आयांना काय सांगणार आहात तुम्ही?” त्याने मऊ आवाजात विचारलं. “अठराव्या तुम्हीच.”

त्या आया संध्याकाळी घरी आल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्या जागा मिळेल तिथे बसल्या, पलंगावर, जमिनीवर, पाहुणीच्या बॅगेशेजारी. एकीने फक्त विचारलं, “त्यांची सोडून आलात?” क्लार्कबाई हो म्हणाल्या. शनिवारी त्या परत आल्या. रविवारीही. बोलायला काही नव्हतं, पण जायलाही कुठे नव्हतं. कुणीतरी चहा करायचं, कुणीतरी कप विसळायचं. आजोबांच्या घराच्या काचा शनिवारी फुटल्या. दीर वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालत होता. छतातून पावलं ऐकू येत. खाली तो आला नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला पुलाकडून एक बस आली. अठरा मुलं उतरली. मोजून अठरा.

बिट्टीने आईला मिठी मारली नाही. तिच्या हाताला धरून ती घरी चालत आली, खूप पाणी प्यायली आणि मग सांगू लागली.

“गुरुवारीच आम्हाला एका हॉलमध्ये नेलं. सुरक्षित राहाल म्हणाले. बाहेरून कुलूप होतं.”

क्लार्कबाईंनी तिचा ग्लास पुन्हा भरला.

“दार किलकिलं ठेवा म्हटलं मी. ते हसले. शुक्रवारी दुपारी त्यांची मुलं परत आल्याचं बाहेर कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, आता सोडतील. पण नाही सोडलं. काही लोक म्हणत होते, आता तर त्यांच्याकडे काहीच नाही, आता कशाला सोडायचं? आपल्या हातात राहू देत.” बिट्टीने ग्लास फिरवला. “ती तुझ्याकडची मुलगी दाराबाहेर येऊन बसली. तिची आईपण. मग आणखी आया. फटीतून बोलायची ती माझ्याशी. दोन दिवस त्यांची भांडणं चालली होती. शेवटी अकरा माणसांनी हात वर करून ठरवलं. सहा जण सोडा म्हणाले.”

“आणि पाच?”

“पाच नाही म्हणाले.”

त्यानंतर ओळख सप्ताहाचं नाव कुणी काढलं नाही. गावात असं ठरून गेलं की ते सोडणारच होते, क्लार्कबाईंनी उगाच जीव टांगणीला लावला. मुख्याध्यापकांनी वर पत्र पाठवलं, की सहलीचा मार्ग परस्पर बदलल्याबद्दल आपल्याला काही ठाऊक नव्हतं. क्लार्कबाईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली, जिथे मुलं येत नाहीत. उस्ताद रस्त्यात भेटला की मान लववून ‘ताई’ म्हणे. त्यापेक्षा त्याने तोंड फिरवलेलं चाललं असतं.

महिन्याभराने एका दुपारी दीर खाली आला. नेहमीच्या खुर्चीत न बसता दाराशी उभा राहिला.

“वहिनी, मी त्यांना काही केलं नसतं.”

“हो.”

“नुसती ठेवली असती.”

“हो, भाऊजी.”

“खरंच सांगतो. तुम्हाला खरं वाटतं ना?”

क्लार्कबाई कपडे घड्या करत होत्या. हातातल्या बाहीची घडी त्यांनी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. हा माणूस चार वर्षं त्यांच्या घराचा आधार होता. त्याने मुलीचं मनगट सोडलं होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याआधी ते धरलं होतं, तेही.

“वाटतं,” त्या म्हणाल्या.

त्याने त्यांच्या हातातल्या बाहीकडे पाहिलं. मग तो जिना चढून गेला, आणि वरून दार लावल्याचा आवाज आला.